मापाच्या वहीतली पाच कॉलेजं

पत्र असं आहे: "ताई, नमस्कार. आमचं गाव उंब्रजपासून आत चार किलोमीटर. मी घरी शिलाईकाम करते, मिस्टर कारखान्यावर हंगामी आहेत, दीड एकर रान आहे. मोठी लेक यंदा बारावी सायन्स झाली, सीईटीला ९१ पर्सेंटाइल पडले. कऱ्हाडच्या आसपास इतकी कॉलेजं झालीत की डोकं चालत नाही. ज्याला विचारावं तो म्हणतो आमचंच एक नंबर. मी पाच ठिकाणांचा तक्ता केलाय, त्याचा फोटो पाठवते. आम्ही ओबीसीत येतो, उत्पन्नाचा दाखला एक लाख ऐंशी हजारांचा आहे. एक जण फॉर्म भरून द्यायचे बारा हजार मागतोय, द्यावेत का? आणि पोरीला कुठं टाकू ते सांगा. – एक आई, ता. कऱ्हाड"

ताई, फोटो मोठा करून दोनदा बघितला. मापाची वही आहे. वरती छापलेलं 'उंची, छाती, कंबर, बाही, गळा' खोडून तुम्ही 'अंतर, फी, नॅक, प्लेसमेंट, लोक काय म्हणतात' असं लिहिलंय. खाली पाच ओळी: कऱ्हाडचं सरकारी इंजिनिअरिंग (सिव्हिल मिळेल असं कुणीतरी सांगितलंय), साखराळ्याचं राजारामबापू (खासगी इंजिनिअरिंग), कोल्हापूरकडचं एक खासगी विद्यापीठ (एआय ब्रँच), पुण्याचं एक कॉलेज ('आत्या आहे'), आणि बी.एस्सी., कऱ्हाड. या पाचव्या ओळीवर आडवी काट आहे. तिच्याकडे मी नंतर येते.

मी २७ वर्षं तंत्रनिकेतनात शिकवलं. त्यातले बरेच जून-जुलै प्रवेशाच्या सुविधा केंद्रात टेबलामागे गेले. समोर बसणाऱ्या पालकांत असं कागदावर मांडून आणणारे अगदी थोडे. बाकीचे मोबाइलवर फ्लेक्सचा फोटो दाखवायचे, "मॅडम, हे कसंय?" तेव्हा वही काढलीत हेच मला आवडलं. पण माप कुठं चुकतं हे तुम्हाला मी काय सांगणार? टेप बरोबर असते, ती धरायची जागा चुकते. तुमच्या वहीत तेच झालंय.

आधी फीचा रकाना घेऊ, कारण तिथं चूक झाली तर चार वर्षं भरत बसाल.

तुम्ही साखराळ्यापुढे मोठा आकडा लिहिलाय आणि खासगी विद्यापीठापुढे त्याहून कमी, कंसात 'पन्नास टक्के स्कॉलरशिप धरून'. हे दोन्ही आकडे तुमच्या लेकीचे नाहीत. राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये निर्णय केला की ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट) आणि ईडब्ल्यूएस (खुल्यातले आर्थिक दुर्बल) गटातल्या, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. २०२४-२५ पासून ते लागू आहे. कॉलेज सरकारी असो, अनुदानित असो की खासगी विनाअनुदानित, प्रवेश मात्र सरकारच्या कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेरीतून, झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर माफी नाही. आणि खासगी विद्यापीठं नि अभिमत विद्यापीठं या निर्णयात येतच नाहीत.

म्हणजे बघा, साखराळ्यापुढचा मोठा आकडा तुमच्यापुरता बराचसा गळून पडतो, आणि 'स्वस्त' दिसणाऱ्या विद्यापीठाचा तसाच उभा राहतो. त्यांची ती पन्नास टक्के स्कॉलरशिप चारही वर्षं आहे का, की पहिल्या वर्षाच्या मार्कांवर पुढची ठरते, हे माहितीपत्रकात बारीक अक्षरात असतं. माझ्या भावाच्या मुलाचं असंच झालं. कॉलेजचं नाव घेत नाही, पण दुसऱ्या वर्षी एका विषयात नापास झाला आणि सवलत गेली. भावाने त्या वर्षी म्हैस विकली.

माफी झाली तरी शून्य रुपयात काम होईल असं समजू नका. विकास शुल्क, अनामत, हॉस्टेल, मेस, कॉलेजची बस हे तुम्हालाच भरायचंय. म्हणून कॉलेजच्या ऑफिसात 'फी किती' असं विचारूच नका. विचारा, "माफी धरून पहिल्या दिवशी हातात किती द्यायचे, आणि वर्षभरात आणखी कशाकशाचे?" क्लार्ककडून ते कागदावर लिहून घ्या. तुमच्या वहीत 'फी' खोडून तिथं 'पदरचे पैसे' असं लिहा. बाहेर राहायची वेळ आली तर ओबीसी मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना राहण्या-जेवणासाठी. पण तिला जिल्ह्यागणिक ठरावीक जागा आहेत. मिळालीच तर बरी म्हणायची, तिच्या भरवशावर हिशेब मांडायचा नाही.

अंतराच्या रकान्यात तुम्ही किलोमीटर घातलेत: कऱ्हाड २२, साखराळे पन्नासच्या पुढे, कोल्हापूरकडे शंभराच्या घरात. आता टेप काढा आणि किलोमीटरऐवजी तास मोजा, तेही जायचे नाही, यायचे. सकाळी सगळेच वेळेवर जातात. इंजिनिअरिंगला प्रॅक्टिकल असतात आणि ती दुपारनंतर लावतात. कऱ्हाडचं सरकारी कॉलेज सैदापूरला, विद्यानगरात, म्हणजे कृष्णेच्या पलीकडे. प्रॅक्टिकल पाचला सुटलं तर पूल ओलांडून स्टँडला यायचं, उंब्रजची गाडी धरायची, आणि उंब्रजातून आतल्या चार किलोमीटरचं काय? तुमच्या गावाची शेवटची गाडी कितीला आहे हे तुमच्या तक्त्यात कुठंच नाही. माझ्या लेखी सगळ्यात मोठा आकडा तोच. ती गाडी सहाची असेल तर कऱ्हाडसुद्धा लांब आहे. आणि मिस्टर उंब्रज फाट्यावर गाडी घेऊन येणार असतील, तर साडेसातपर्यंत कऱ्हाड जवळ आहे.

हंगामात मात्र मिस्टरांची पाळी रात्रीची असणार, हेही धरा. शिवाय हायवेचं सहापदरीकरण अजून चालू असेल तर तेही धरा. कोल्हापूर नाक्यावर कधी किती वेळ अडकाल याचा भरवसा नाही. एसटीचा विद्यार्थी पास काढला तर तिकिटाच्या साधारण एक तृतीयांशातच भागतं, तेव्हा पैशाची चिंता कमी आणि वेळेची जास्त. साखराळ्याला रोज जाऊन-येऊन करायचा विचार असेल तर सोडून द्या. पेठ नाक्यावर गाडी बदलून, पावसाळ्यात, चार वर्षं? पोरगी दुसऱ्या सेमिस्टरला आजारी पडेल. तिथं जायचं तर हॉस्टेल धरूनच हिशेब करा.

पुण्याच्या ओळीत अंतराच्या जागी नुसतं 'आत्या आहे' लिहिलंय. हे वाचून मी हसले, रागावू नका. आत्या हे अंतर नव्हे आणि हॉस्टेलही नव्हे. पहिले सहा महिने सगळं गोड असतं. मग आत्याच्या घरी पाहुणे आले की परीक्षेच्या आदल्या रात्री पोरीने कुठं बसायचं, तिने उशिरा आल्यावर जेवण गरम कुणी करायचं, आत्याच्या मुलाची दहावी आली की काय, हे प्रश्न येतात, आणि ते कुणी बोलून दाखवत नाही. मुलगी भांडी घासून, घर पुसून राहते आणि घरी फोनवर 'बरं आहे' म्हणते. मी स्वतः मामाकडे राहून शिकले. मामा-मामी देवमाणसं होती, तरी पानात पोळी घेताना तिसरी घ्यावी की नको असा विचार मी दोन वर्षं केला. आत्याकडे ठेवायचंच असेल तर महिन्याचं ठरवून द्या, आत्या नको म्हणाली तरी द्या. त्यावर आत्याच्या घरापासून कॉलेजला पीएमपीच्या बसने किती वेळ लागतो ते मोजा. पुण्यात दहा किलोमीटर म्हणजे आपले चाळीस.

नॅकचा रकाना. तुम्ही एकाला 'ए प्लस', दुसऱ्याला 'ए' असं लिहून ठेवलंय. नॅक सगळ्या संस्थेला श्रेणी देतं. इमारत, ग्रंथालय, प्राध्यापक, कारभार सगळं मिळून. शिवाजी विद्यापीठाला ए प्लस प्लस आहे, पण म्हणून त्याच्याशी जोडलेलं प्रत्येक कॉलेज तसं होत नाही. तुम्हाला विचारायचंय ते एनबीए नावाचं मानांकन. ते एकेका ब्रँचला मिळतं. त्याच कॉलेजात मेकॅनिकलला असेल आणि नव्या एआयला नसेल, कारण निदान दोन बॅच बाहेर पडल्याशिवाय ते मिळतच नाही. तेव्हा 'तुमच्या कॉलेजला मानांकन आहे का' न विचारता 'या ब्रँचला एनबीए आहे का, कधीपर्यंत' असं विचारा.

प्लेसमेंटवर मी जरा जास्त बोलणार आहे. तुम्ही तिसऱ्या ओळीत १८ लाख असं लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्यात.

समजा महिन्यात तुम्ही दहा ब्लाउज शिवले. नऊ साधे, अडीचशे शिलाई. एक नवरीचा, आरीवर्क, मागे गोंडे, तीन हजार. आता मी दारावर पाटी लावली, 'आमच्याकडे शिलाई तीन हजारांपर्यंत', तर ते खोटं नाही. सरासरी काढली तर ५२५ रुपये येते, तेही खोटं नाही. पण तुम्हाला एका ब्लाउजला ५२५ महिन्यात एकदाही मिळाले नाहीत. खरं माप काय? दहाही ब्लाउज शिलाईच्या चढत्या क्रमाने लावा आणि मधला बघा: अडीचशे. याला मध्यक म्हणतात, लेकीने दहावीला केलाय, तिला विचारा.

फ्लेक्सवरचे १८ लाख हा नवरीचा ब्लाउज आहे. तुम्हाला मध्यक हवाय, आणि तो मिळतो. केंद्र सरकारची एनआयआरएफ नावाची क्रमवारी २०१६ पासून निघते. तिच्यात भाग घेणाऱ्या कॉलेजला आपण भरलेली माहिती स्वतःच्या वेबसाइटवर ठेवावी लागते. लेकीला सांगा, कॉलेजच्या वेबसाइटवर तळाशी 'एनआयआरएफ' असं दिसेल, ते उघडायचं. त्यात एक तक्ता असतो: त्या वर्षी किती मुलं पहिल्या वर्षाला आली, त्यातली किती ठरलेल्या मुदतीत पास होऊन बाहेर पडली, किती नोकरीला लागली, त्यांच्या पगाराचा मध्यक किती, आणि किती जण पुढे शिकायला गेले. मला त्यातला पगारापेक्षा 'मुदतीत पास' हा आकडा जास्त बोलका वाटतो. शंभर आले आणि मुदतीत पन्नासच बाहेर पडले, तर उरलेले पन्नास कुठं गेले? ते फ्लेक्सवर नसतात. तो तक्ता सगळ्या संस्थेचा असतो, ब्रँचचा नव्हे, तेव्हा ब्रँचचा वेगळा मागा. जे कॉलेज देईल त्याला वहीत एक टिक करा, आकडा कसाही असो.

आता 'लोक काय म्हणतात'. हा रकाना तुम्ही भरभरून लिहिलाय, शेजारच्या सरांपासून पोल्ट्रीवाल्यापर्यंत. त्यात वारंवार येतंय की अमक्याचा कटऑफ जास्त म्हणजे ते चांगलं. कटऑफ हे गर्दीचं माप आहे. पुण्याच्या गाडीला गर्दी असते म्हणून ती गाडी चांगली असं आपण म्हणतो का? गर्दी का आहे ते बघायचं. सध्या कॉम्प्युटर आणि एआयला गर्दी आहे. एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, २०२४-२५ पासून चांगल्या कॉलेजांवरची जागांची कमाल मर्यादा उठवली, तेव्हापासून कॉम्प्युटरच्या तुकड्यांवर तुकड्या वाढल्या. विचारायचं ते एवढंच की मुलं वाढली तसे शिकवणारे वाढले का. कटऑफची यादी वाचायची असेल तर तीही नीट वाचा. आकड्यावर 'जीओबीसीएच', 'एलओपीईएनएस' अशी अक्षरं असतात. पहिलं एल म्हणजे मुलींच्या राखीव जागा, जी म्हणजे सर्वसाधारण. शेवटचं एच म्हणजे आपल्या विद्यापीठ क्षेत्रातल्यांसाठी, ओ म्हणजे बाहेरच्यांसाठी, एस म्हणजे अख्ख्या राज्यासाठी. लेक आपली कोल्हापूर-सांगली-सातारा या शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रातली. पुण्याच्या कॉलेजची यादी वाचताना तिने 'ओ' किंवा 'एस' बघायचा. तुमच्या वहीत पुण्यापुढे लिहिलेला कटऑफ 'एच'चा आहे, तो तुम्हाला लागू नाही.

एक रकाना तुम्ही घातलाच नाही: कॉलेज कुणाचं आहे. आपल्या भागात पूर्वी इंजिनिअरिंग म्हटलं की सांगलीचं वालचंद, १९४७ सालचं, आणि कऱ्हाडचं सरकारी, १९६० सालचं, हीच दोन नावं तोंडी यायची. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं आणि त्याच सुमाराला साखराळे, वारणानगर, कोल्हापूरचं केआयटी ही सगळी उभी राहिली. ऊस पट्ट्यात कारखान्याच्या चिमणीपासून हाकेच्या अंतरावर कॉलेज का दिसतं, ते यावरून कळेल. ही काही वाईट गोष्ट नाही. माझे कितीतरी विद्यार्थी डिप्लोमा करून तिथं गेले आणि मार्गी लागले. पण सरकारी, अनुदानित, विनाअनुदानित स्वायत्त, आणि खासगी विद्यापीठ ही चार वेगळी कापडं आहेत. स्वायत्त कॉलेज अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतं, पदवी मात्र शिवाजी विद्यापीठाची देतं. खासगी विद्यापीठ सगळं स्वतःच करतं, पदवीही स्वतःचीच. पेपर काढणारे, तपासणारे आणि शिकवणारे तेच असले की मार्क सढळ पडतात, पोरं खूश, पालक खूश. पण मुलाखतीला बसल्यावर समोरचा मार्क विचारत नाही.

मग ब्रँच का कॉलेज? हा प्रश्न मला शंभर वेळा विचारलाय. सरकारी सिव्हिल चांगलं की खासगी एआय? माझं मत सांगते, पटलं नाही तर सोडून द्या. मुलीला एखाद्या विषयाची ओढ असेल तर ब्रँच आधी, कॉलेज मागाहून. ओढ नसेल, नुसतं 'इंजिनिअर व्हायचंय' असेल, तर जुना विभाग बघावा, जिथं मास्तर टिकून आहेत. नवीन नावाच्या ब्रँचला बऱ्याचदा शिकवायला परवाच पदव्युत्तर झालेली मुलं असतात. हुशार असतात, पण दिवाळीनंतर दुसरीकडे जातात. सिव्हिलच्या मुलीला साइटवर कोण पाठवणार असं तुमच्या त्या पोल्ट्रीवाल्याने म्हटलंय. त्यांना सांगा, आपल्या जिल्ह्यात पाटबंधारे आणि बांधकाम खात्यात सिव्हिलच्या बायका इंजिनिअर म्हणून बसतात, बिलं त्यांच्याच सहीने निघतात.

आता काम सांगते. एखाद्या मंगळवारी, कॉलेज चालू असताना, तुम्ही दोघी जा. 'ओपन डे'ला जाऊ नका. त्या दिवशी रांगोळी असते आणि पेढा देतात. गेटवर 'ॲडमिशन चौकशी' म्हटलं की एक हसतमुख मुलगा मिळेल, तो इमारत दाखवेल. त्याचे आभार मानून त्याला घालवा. मग लॅबमध्ये जा. सिव्हिलच्या लॅबमध्ये काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडायचं मशीन असतं. त्याच्याजवळ एक रजिस्टर लटकलेलं असतं, त्यात कुणी, कधी, काय तपासलं ते लिहितात. शेवटची तारीख बघा. गेल्या आठवड्यातली असेल तर ती लॅब चालते. मार्चमधली असेल तर प्रॅक्टिकल वहीतच होतात, मशीनवर नाही. कॉम्प्युटर लॅबमध्ये मॉनिटरवरच्या प्लास्टिक कव्हरवर बोट फिरवा, शिलाई मशीन न वापरता ठेवलं की काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे.

दुपारी तीनला ग्रंथालयात डोकवा. कँटीनमध्ये दुसऱ्या वर्षाच्या मुली शोधा, पहिल्याच्या नको, त्या अजून भारावलेल्या असतात. त्यांना तुम्ही विचारू नका, लेकीला विचारू द्या, तुम्ही चहा घ्या. तिने दोनच प्रश्न विचारावेत: गेल्या सेमिस्टरला गणिताला किती सर बदलले, आणि हॉस्टेलला रात्री दुखलं-खुपलं तर कोण नेतं. यावर त्या मुली हसल्या तर काय ते समजा, पटकन नाव सांगितलं तरी समजा. मुलींचं प्रसाधनगृह बघूनच निघा. हे कुठल्याही क्रमवारीत नसतं आणि चार वर्षं रोज लागतं.

बारा हजारांचं: देऊ नका. फॉर्म भरायला सुविधा केंद्रात मदत फुकट मिळते. तो माणूस तुमच्या लेकीचा पासवर्ड घेईल आणि पर्यायांची उतरंड त्याच्या मर्जीने लावेल. कुठल्या कॉलेजकडून त्याला काय मिळतं ते आपल्याला कळणार नाही. एकदा एका बापाने सुविधा केंद्रात माझ्यासमोर येऊन डोकं धरलं होतं. एजंटाने पहिल्या नंबरला टाकलेलं कॉलेज मुलाला नको होतं, आणि नेमकं तेच मिळालं.

इथं उतरंडीचं गणित कळायला हवं. २०२५ च्या प्रवेशांपासून चार राउंड आहेत. पहिल्या राउंडला तुमचा पहिलाच पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो. दुसऱ्या राउंडला पहिल्या तिनांतला मिळाला तर घ्यावा लागतो, तिसऱ्याला पहिल्या सहांतला. नाही घेतला तर पुढच्या राउंडमधून बाहेर. तेव्हा पहिल्या सहा जागांवर फक्त अशीच नावं घाला जिथं ती खरोखर जायला तयार आहे. 'मिळणार नाही, पण टाकून बघू' हेही चालतं, वरती टाकून बघायला हरकत नाही. 'मिळेल, पण जायचं नाही' असं नाव मात्र तिथं नको. यंदाचं माहितीपत्रक आलं की हे परत ताडून बघा, नियम दरवर्षी थोडे हलतात. पासवर्ड लेकीकडेच राहू द्या.

आणि या सगळ्याच्या आधी, आजच, कपाटातून कागद काढा. जातीचा दाखला आहे, व्हॅलिडिटी, म्हणजे जातपडताळणीचं प्रमाणपत्र, आहे का? नॉन-क्रिमीलेअर पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं लागतं. उत्पन्नाच्या दाखल्यावरची मुदतही बघा. वर जी फीमाफी सांगितली ती या कागदांवर उभी आहे. ऐन जुलैमध्ये सेतूत रांग लागते आणि सर्व्हर बसतो. व्हॅलिडिटी नसेल तर उद्याच्या उद्या अर्ज टाका आणि पावती जपून ठेवा.

तर पाचवी ओळ. बी.एस्सी., कऱ्हाड. विद्यानगरला रयतचं सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज आहे, १९५४ पासूनचं. शेजारीच यशवंतराव चव्हाण सायन्स कॉलेज आहे. रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये सुरू झाली तीच तुमच्या तालुक्यातल्या काले गावात, हे तुम्हाला माहीत असेलच. तिथून बी.एस्सी. करून कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात गणित किंवा संख्याशास्त्राला गेलेली मुलं मी बघितलीत. त्यातली एक आज विमा कंपनीत आकडेमोड करते आणि तिच्या वर्गातल्या इंजिनिअर झालेल्यांपेक्षा बरी कमावते. एक मात्र बी.एड.च्या रांगेत आहे, तेही सांगते, लपवत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी पदवी घेऊन थांबता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येतं. या ओळीत तुम्ही अंतर लिहिलंय, फी लिहिली नाही, लोक काय म्हणतात ते लिहिलं नाही. पाचांतली ही एकच ओळ आहे जिच्यात शेवटची गाडी हमखास सापडेल, कारण सायन्सचे तास सकाळी सुरू होऊन दुपारपर्यंत उरकतात.

फोटो मी परत मोठा करून बघितला. वहीतलं सगळं काळ्या पेनाने लिहिलंय, वरचे रकाने, आकडे, १८ लाखांखालच्या दोन रेघाही. पाचव्या ओळीवरची काट निळ्या शाईची आहे. ती तुम्ही मारलीत, मिस्टरांनी, की लेकीने, हे विचारून मला कळवा. मग उरलेल्या चार ओळींबद्दल पुढचं बोलू.